दुकानातील बिल जाते कुठे?

मोबाईल अॅपच्या पडद्यांची थप्पी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत जा. कापड, चप्पल-बूट, फळे-भाजी, हार्डवेअर, गॅरेज, शिवणकाम, फर्निचर, भंगार अशा धंद्यांत आपले बांधव हमखास भेटतात. या दुकानांत गल्ल्याशेजारी पूर्वी लाल वही असे. आज तेथे मोबाईल असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी झाली, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, ३० डिसेंबर २०१६ रोजी भीम अॅप आले आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. या तीन-चार घटनांनी वहीचे काम हळूहळू मोबाईलवर नेले. बिल त्यावर, उधारी त्यावर, माल मागवणे त्यावर आणि पैसे घेणेही त्यावर.

वही आपल्याला समजत होती. पान फाटले तर फाटलेले दिसे. खाडाखोड केली तर शाई सांगे. मोबाईलचे तसे नाही. त्यात काही हरवले तर ते का हरवले हे दुकानदाराला कळत नाही, आणि मग संशय यंत्रावर न जाता माणसावर जातो. असाच एक प्रसंग आम्ही जवळून पाहिला. तो सांगतो आणि त्यामागचे कारणही सांगतो. कारण थोडे तांत्रिक आहे, परंतु दुकान चालवणाऱ्या कोणालाही समजेल असे आहे.

संशय कोणावर?

जिल्ह्यातील एका कापड दुकानात बिलाचे अॅप आहे. ओळखीच्या एका तरुणाने ते बनवून दिले आहे. दुकानात मोबाईल एकच. गिऱ्हाईक आले की काम करणारा मुलगा त्यावर एकेक नग लिहितो. लग्नाचा बस्ता असेल तर वीस-पंचवीस नग सहज होतात. अशाच एका वेळी बिल अर्धे लिहून झाले होते. एका साडीचा भाव पाहायचा होता म्हणून मालकांनी मोबाईल हातात घेतला, व्हॉट्सअॅपवर ठोक व्यापाऱ्याचा संदेश पाहिला आणि परत बिलाचे अॅप उघडले. तर पहिला पडदा समोर आला. लिहिलेले नग गायब.

"चाचा, मी सगळे लिहिले होते," मुलगा म्हणाला. मालकांचा विश्वास बसेना. असे दोन-तीनदा झाले. प्रत्येक वेळी मोबाईल मालकांच्या हाती आला की बिल नाही. मुलगा मात्र शपथेवर सांगे की, मीसुद्धा मधेच व्हॉट्सअॅप पाहतो, पण माझे बिल जात नाही. मालकांच्या मनात आले, हा बिल लिहिण्याचे नाटक करतो आणि रोखीचे पैसे गल्ल्यात न टाकता ठेवून घेतो. मुलाला कामावरून काढण्याची वेळ आली.

आम्ही दोघांनाही एकच काम आपल्यासमोर करायला सांगितले. मालक परत येताना मोबाईलच्या मुख्य पडद्यावर जात आणि बिलाच्या अॅपच्या चित्रावर बोट ठेवत. मुलगा चौकोनी बटण दाबून नुकत्याच वापरलेल्या अॅपची यादी काढी आणि तेथून परत येई. मालकांच्या मार्गाने बिल पुसले जात होते, मुलाच्या मार्गाने ते राहत होते. मालक खोटे बोलत नव्हते आणि मुलगाही चोर नव्हता. दोष अॅपमधील एका शब्दाचा होता. तो शब्द कोणता, हे पाहण्यासाठी आधी पडद्यांचा कारभार समजून घेऊ.

पोत्यांची थप्पी

आपल्याकडील बहुतेक मोबाईल अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. अँड्रॉइडचा पहिला मोबाईल २००८ साली बाजारात आला. या प्रणालीत अॅपच्या प्रत्येक पडद्याला 'अॅक्टिव्हिटी' म्हणतात. गिऱ्हाइकांची यादी हा एक पडदा, बिल लिहिण्याचा दुसरा, पैसे घेण्याचा तिसरा.

तुम्ही एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाता तेव्हा पहिला नाहीसा होत नाही. त्याच्यावर दुसरा रचला जातो. बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावतात तसाच हा प्रकार. शेवटी ठेवलेले पोते सर्वांत वर असते आणि तेच आधी निघते. मोबाईलचे 'मागे' बटण दाबले की वरचे पोते उचलले जाते आणि खालचे दिसते. अशा एका थप्पीला 'टास्क' असे नाव आहे. चौकोनी बटण दाबल्यावर जी यादी दिसते ती साधारणपणे अशा थप्प्यांचीच यादी असते. एक थप्पी बिलाची, एक व्हॉट्सअॅपची, एक बँकेची.

आता प्रश्न असा की, नवे पोते आले तर ते कोणत्या थप्पीवर ठेवायचे? तेच पोते आधीच थप्पीत असेल तर दुसरे आणायचे की जुनेच वापरायचे? याचे नियम दोन ठिकाणी लिहिलेले असतात. पहिला नियम पडदा स्वतःच जाहीर करतो. त्याला 'लाँच मोड' म्हणतात. दुसरा नियम त्या पडद्याला बोलावणारा सांगतो. त्याला 'फ्लॅग' म्हणतात. हमालाच्या हाती दिलेली चिठ्ठीच म्हणा ना! गोदामाच्या दारावर नियमांची पाटी आहे, आणि माल पाठवणाऱ्याने चिठ्ठीही दिली आहे. दोन्हींत फरक पडला तर अँड्रॉइड चिठ्ठीचे ऐकते. ही गोष्ट पुष्कळ नवे प्रोग्रॅमर विसरतात.

पाटीवरील नियम

पाटीवर काहीच लिहिले नसेल तर पडदा 'स्टँडर्ड' धरला जातो. म्हणजे जितक्या वेळा बोलावाल तितक्या वेळा नवे पोते. घाईत 'बिल करा' हे बटण दोनदा दाबले तर बिलाचे दोन पडदे एकावर एक चढू शकतात. दुकानदार वरचे भरतो, जतन करतो, मागे येतो, तर खाली एक कोरे बिल. काही अॅपमध्ये त्या कोऱ्या बिलालाही क्रमांक मिळून जातो आणि महिनाअखेरीस क्रमांकांचा मेळ बसत नाही.

दुसरा नियम 'सिंगल टॉप'. तोच पडदा थप्पीवर सर्वांत वर असेल तर नवा आणायचा नाही, त्यालाच नवा निरोप द्यायचा. मात्र तो वर नसून मधे कुठे दबलेला असेल तर नवा येतोच.

तिसरा नियम 'सिंगल टास्क'. या पडद्याची थप्पीत एकच प्रत राहते. ती खाली दबलेली असताना कोणी तिला बोलावले, तर तिच्यावरची सर्व पोती उचलून फेकली जातात आणि ती वर दिसू लागते. 'फेकली जातात' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

चौथा नियम 'सिंगल इन्स्टन्स'. हा पडदा आपल्या थप्पीत एकटाच राहतो, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देत नाही. येणारा फोन दाखवणाऱ्या पडद्यासारख्या एकट्या कामाला असा नियम योग्य ठरू शकतो. दुकानाच्या अॅपमध्ये त्याची गरज क्वचितच पडते.

अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत, २०२१ साली, 'सिंगल इन्स्टन्स पर टास्क' हा पाचवा नियम आला. त्यात पडदा थप्पीच्या तळाशीच बसतो, पण वेगवेगळ्या थप्प्यांत त्याच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात. एकाच वेळी दोन कागद उघडून पाहायचे असतील तर तो उपयोगी आहे.

यांपैकी तिसरा आणि चौथा नियम सर्वसाधारण अॅपसाठी सुचवलेले नाहीत, असे अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनातच म्हटलेले आहे. बहुतेक अॅपनी प्रणालीच्या मूळ चालीत ढवळाढवळ करू नये, असा त्याचा सांगावा आहे.

त्या बिलाचे काय झाले?

आता कापड दुकानाकडे परत येऊ. अॅप बनवणाऱ्या तरुणाला आम्ही विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले. अॅपमध्ये प्रत्येक पडद्यावर 'मुख्य पान' असे बटण होते. ते दाबले की मुख्य पानाची नवी प्रत थप्पीवर चढे. दिवसभरात अशा दहा-पंधरा प्रती जमत आणि अॅपमधून बाहेर पडायला तितक्या वेळा 'मागे' दाबावे लागे. मालकांनी तक्रार केली. तरुणाने कुठेतरी वाचून मुख्य पानाला 'सिंगल टास्क' असा नियम लावला. तक्रार मिटली.

परंतु दुसरीकडे नवे दुखणे उभे राहिले. मुख्य पान हाच अॅपचा दरवाजा. मोबाईलवरील अॅपच्या चित्रावर बोट ठेवले की प्रणाली त्या दरवाजालाच बोलावते. मालक तसे करत. मुख्य पान थप्पीच्या तळाशी होते, त्याच्यावर बिलाचा पडदा होता. नियमानुसार वरचा पडदा फेकला गेला आणि मुख्य पान समोर आले. मुलगा यादीतून परत येई तेव्हा कोणी कोणाला नव्याने बोलावत नव्हते. आहे ती थप्पी जशीच्या तशी पुढे येत होती. म्हणून त्याचे बिल राहत होते.

उपाय दोन होते आणि दोन्ही केले गेले. पाटीवरील नियम काढून टाकला आणि फक्त 'मुख्य पान' या बटणाच्या चिठ्ठीत 'क्लिअर टॉप' व 'सिंगल टॉप' असे दोन फ्लॅग लिहिले. आता ते बटण दाबले तरच वरचे पडदे दूर होतात आणि तळाचे जुने मुख्य पान दिसते. अॅपच्या चित्रावर बोट ठेवल्याने बिल जात नाही. दोन्ही फ्लॅग एकत्र का? नुसता 'क्लिअर टॉप' लिहिला आणि पडदा स्टँडर्ड असला, तर जुने मुख्य पानही फेकले जाऊन नवे तयार होते. सोबत 'सिंगल टॉप' असेल तर जुनेच वापरले जाते.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा. लिहिलेला प्रत्येक नग आता त्याच क्षणी मोबाईलच्या साठ्यात जतन होतो. पूर्वी तो केवळ पडद्यावर होता, आणि पडदा गेला की तोही जात होता. वहीत लिहिण्याऐवजी पाटीवर खडूने लिहिण्यासारखे ते होते. थप्पीची रचना कितीही चांगली असली तरी पडदा कायमचा नसतो. अॅप फार वेळ बाजूला पडून राहिले तर अँड्रॉइड तळाचा पडदा सोडून वरचे काढून टाकू शकते. स्मरणशक्ती कमी असलेल्या स्वस्त मोबाईलमध्ये तर पाठीमागची अॅप बंदच केली जातात. अर्धे बिल सोडून जोहरच्या नमाजला गेलात आणि परत येईपर्यंत मधे दुसऱ्यांनी मोबाईल वापरला, तर ते बिल पडद्याच्या भरवशावर राहिलेले नसावे.

मुलगा कामावर राहिला. मालकांनी त्याची माफी मागितली, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

पैसे गेले आणि अॅप म्हणते 'रद्द'

दुसरा घोटाळा पैशांचा आहे. दुकानाच्या अॅपमधून यूपीआयने पैसे द्यायचे असतील तर ते अॅप स्वतः पैसे घेत नाही. ते 'इन्टेन्ट' नावाचा निरोप पाठवते. त्यात घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, नाव, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक असतो. गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये जी यूपीआय अॅप आहेत त्यांतले एक हा निरोप उचलते, गिऱ्हाईक पिन टाकतो, आणि काम झाल्यावर 'झाले' की 'नाही झाले' हे उत्तर पहिल्या अॅपला परत मिळते.

हे उत्तर परत येण्यासाठी पैशांचा पडदा आपल्या थप्पीवरच यावा लागतो. निरोपाच्या चिठ्ठीत 'न्यू टास्क' असा फ्लॅग असेल तर तो दुसऱ्या थप्पीवर जातो. जळंबला मुख्य मार्गावरची गाडी सोडून खामगावच्या फाट्यावरची गाडी धरावी तसे होते. तो फाटा १८७० सालचा, जिल्ह्यातील प्रवाशांच्या परिचयाचा. पण येथे गोम अशी की, गाडी बदलताच पहिल्या गाडीतील गार्ड 'प्रवासी आलाच नाही' अशी नोंद करून मोकळा होतो. 'न्यू टास्क' लावून उत्तराची अपेक्षा ठेवली तर प्रणाली त्याच क्षणी 'रद्द' असे उत्तर देते, असे अँड्रॉइडच्या अधिकृत माहितीत स्पष्ट नमूद आहे. गिऱ्हाइकाने अजून पिनही टाकलेला नसतो. तो नंतर टाकतो, पैसे जातात, आणि दुकानाच्या अॅपमध्ये मात्र व्यवहार रद्द झालेला असतो.

यातून भांडण होते. गिऱ्हाईक म्हणतो पैसे कापले गेले, दुकानदार म्हणतो माझ्याकडे रद्द दिसते. कित्येकदा गिऱ्हाईक बिचारा पुन्हा पैसे देतो. हा पैसा कोणाचा? तो आपल्या खात्यात चुकून दोनदा आला असेल तर ती अमानत आहे, नफा नव्हे. म्हणून व्यापारी बंधूंनी एक नियम करावा. अॅपच्या पडद्यावर काय दिसते त्यावर निवाडा करायचा नाही. बँकेच्या खात्यातील नोंद आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक पाहायचा. 'रद्द' दिसले तर खाते पाहिल्याशिवाय पुन्हा पैसे मागायचे नाहीत. तसेच 'झाले' असा गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरचा पडदा दिसला तरी खाते पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही, कारण असे खोटे पडदे दाखवणारे भामटेही फिरतात.

सैलानीच्या यात्रेत होळीच्या सुमारास ज्यांची दुकाने लागतात त्यांना हे अधिक लागू आहे. मोठी गर्दी जमली की नेटवर्क मंदावते, उत्तरे उशिरा येतात, लोक बटण पुन्हा पुन्हा दाबतात. अॅप बनवणाऱ्याने प्रत्येक बिलाला एकच व्यवहार क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकावर दुसरे बिल होऊ देऊ नये. केवळ पडद्याचा नियम लावून ही चूक पुरती थांबत नाही.

नवी ऑर्डर, जुना पडदा

तिसरी चूक फर्निचर, शिवणकाम, बेकरी अशा ऑर्डरवर चालणाऱ्या धंद्यांना त्रास देते. ऑर्डर आली की मोबाईलवर सूचना येते. तिच्यावर बोट ठेवले की ऑर्डरचा पडदा उघडतो. समजा पहिली ऑर्डर उघडी आहे आणि दुसरीची सूचना आली. पडदा 'सिंगल टॉप' असेल तर नवा उघडत नाही, जुन्यालाच नवा निरोप मिळतो. हा निरोप वाचण्याची जागा प्रोग्रॅममध्ये वेगळी असते. प्रोग्रॅमर तेथे काही लिहायला विसरला तर पडद्यावर पहिलीच ऑर्डर राहते. कारागीर दुसरी समजून पहिल्या ऑर्डरच्या मापाने कापड कापतो. कापलेले कापड परत जोडता येत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गैरसोय असते. सूचनेवरून थेट ऑर्डर उघडली आणि 'मागे' दाबले तर कधी कधी अॅपमधूनच बाहेर पडतो. कारण थप्पीत एकच पोते होते. चांगला प्रोग्रॅमर अशा वेळी खाली मुख्य पान आणि ऑर्डरची यादी आधीच रचून ठेवतो, म्हणजे 'मागे' दाबल्यावर माणूस अपेक्षित जागी येतो.

कुलूप लावले, पण दार उघडे

चौथी चूक गुप्ततेची. मालक अॅपमधून 'बाहेर पडा' हे बटण दाबतात आणि मोबाईल दुकानात ठेवून घरी जातात. समोर प्रवेशाचा पडदा असतो. पण त्याखालची थप्पी तशीच असेल तर कोणीही 'मागे' दाबतो आणि उधारीची यादी उघडी पडते. कोणाकडे किती बाकी आहे हे गावात फुटले तर नुकसान पैशांचे नसते, इज्जतीचे असते. ज्याने आपल्याकडून उधार नेले त्याची लाज राखणे हेही व्यापाऱ्याचे कर्तव्य आहे. बाहेर पडण्याच्या बटणावर 'न्यू टास्क' आणि 'क्लिअर टास्क' हे दोन फ्लॅग एकत्र लावले की जुनी थप्पी पूर्ण साफ होते आणि प्रवेशाचा पडदा एकटाच उरतो. त्याबरोबर अॅपने आतील प्रवेशाची खूणही पुसली पाहिजे. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती तपासून घेतली पाहिजे.

परक्याचे पोते, आपला मार्का

आतापर्यंतच्या चुका अजाणतेपणी होणाऱ्या होत्या. आता लबाडीची गोष्ट.

कापसाच्या गाठीवर मार्का असतो. त्यावरून ती कोणाची हे कळते. थप्पीलाही असा मार्का असतो. त्याला 'टास्क अॅफिनिटी' म्हणतात. सामान्यतः तो त्या अॅपच्या स्वतःच्या नावाचा असतो. परंतु प्रोग्रॅमरला तो बदलता येतो, आणि दुसऱ्या अॅपचा मार्काही लिहिता येतो. लबाडांनी नेमके तेच केले. आपल्या अॅपवर बँकेच्या अॅपचा मार्का लावला. मग मोबाईलधारक बँकेच्या चित्रावर बोट ठेवी आणि त्या थप्पीवर लबाडाचा पडदा वर येई. दिसायला तो बँकेसारखाच. माणूस पासवर्ड टाकी आणि तो चोराच्या हाती जाई.

या प्रकाराला 'स्ट्रँडहॉग' असे नाव आहे. नॉर्वेतील प्रोमॉन या सुरक्षा कंपनीने तो डिसेंबर २०१९ मध्ये उघड केला. चेक प्रजासत्ताकातील बँकांच्या ग्राहकांचे पैसे गेल्यावरून त्याचा छडा लागला. लुकआउट या दुसऱ्या कंपनीला याचा वापर करणारी ३६ लबाड अॅप सापडली. त्याच महिन्यात आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना याबाबत सावध केले होते. मे २०२० मध्ये याच जातीचा आणखी वाईट प्रकार जाहीर झाला. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीला त्याची बाधा नव्हती आणि त्याआधीच्या आठव्या व नवव्या आवृत्त्यांसाठी गूगलने दुरुस्ती दिली होती.

म्हणजे धोका सर्वांत जास्त कोणाला? ज्याच्या हाती जुना मोबाईल आहे आणि ज्यावर दुरुस्त्या येणे बंद झाले आहे त्याला. आपल्या कितीतरी छोट्या दुकानदारांची हीच स्थिती आहे. घरातील नवा मोबाईल मुलाकडे जातो आणि जुना दुकानात येतो. पैसे मात्र त्या जुन्यावरच येतात आणि जातात.

याला उपाय साधे आहेत. पैशांच्या व्यवहाराचा मोबाईल दुरुस्त्या मिळणारा असावा. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा सरकारी योजना अशा नावाने आलेली एपीके फाईल कधीही बसवू नये. आधीच आत शिरलेले अॅप पुन्हा प्रवेश मागू लागले, अनोळखी परवानग्या विचारू लागले किंवा 'मागे' बटण नेहमीसारखे चालेनासे झाले तर थांबावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पहिले काही तास मोलाचे असतात. लाजेने गप्प बसल्याने पैसे परत येत नाहीत.

अॅप घेण्यापूर्वी सहा कसोट्या

चांदी घेताना आपण कस पाहतो. खामगावच्या चांदीच्या बाजारात हे कोणाला सांगावे लागत नाही. अॅप घेतानाही कस पाहावा. यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही.

१. अर्धे बिल लिहा, मुख्य पडद्यावर जा आणि अॅपच्या चित्रावरून परत या. मग तेच यादीच्या मार्गाने करा. दोन्ही वेळा बिल जागेवर हवे.

२. अर्धे बिल सोडून मोबाईलवर दुसरी पाच-सहा अॅप उघडा, अर्ध्या तासाने परत या. बिल जतन झालेले हवे.

३. 'जतन करा' आणि 'पैसे घ्या' ही बटणे मुद्दाम दोनदा भराभर दाबा. नोंद एकच व्हायला हवी.

४. पैसे देताना अर्ध्यावर 'मागे' दाबा, नंतर एक रुपया खरोखर पाठवा. अॅपची नोंद आणि बँकेची नोंद जुळली पाहिजे.

५. एक ऑर्डर उघडी ठेवून दुसरीची सूचना उघडा. नाव आणि माप नव्या ऑर्डरचेच दिसले पाहिजे.

६. अॅपमधून बाहेर पडा आणि 'मागे' दाबत राहा. आतले एकही पान दिसता कामा नये.

या कसोट्यांना जेमतेम एक तास लागतो. त्यानंतरच पैसे चुकते करावेत. अॅप बनवणाऱ्याला त्याचा मोबदला मात्र पूर्ण व वेळेवर द्यावा. फुकटात किंवा नातलग म्हणून करून घेतलेल्या कामाची जबाबदारी कोणी घेत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

तरुणांसाठी दोन शब्द

जिल्ह्यातील आपली मुले-मुली आता संगणक शिकत आहेत आणि गावातल्या दुकानांसाठी अॅप बनवत आहेत. ही आनंदाची बाब आहे. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, एका तक्रारीवर कुठूनतरी उचललेला शब्द चिकटवून मोकळे होऊ नका. त्या शब्दाने थप्पीत काय हलते हे कागदावर चौकोन काढून पाहा. पाटीवर नियम लावण्याआधी चिठ्ठीने काम भागते का ते पाहा. पैशांच्या अॅपमध्ये थप्पीचा मार्का रिकामा ठेवता येतो, म्हणजे परक्याला त्याची नक्कल करून आत शिरणे अवघड जाते. शक्य असेल तर दुकानात एक दिवस बसा आणि लोक मोबाईल कसा धरतात ते पाहा. कापड दुकानातील चूक कागदावर सापडली नसती. ती मालकांच्या बोटाने सापडली.

पवित्र कुरआनात सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. हिशेब नीट लिहिला जाणे याला आपल्या धर्मात केवढे महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येईल. वही गेली, मोबाईल आला, आदेश मात्र तोच आहे. लिहिलेले टिकले पाहिजे, खरे राहिले पाहिजे, आणि ते नाहीसे झाले तर आधी यंत्र तपासले पाहिजे, मग माणूस. कष्टाने व सचोटीने धंदा करणाऱ्या आपल्या सर्व बांधवांच्या रोजीत अल्लाह बरकत देवो. आमीन.